पेटीतल्या समुद्राचा जमाखर्च

जुने मासे ठणठणीत आहेत, पण नवा आणून सोडला की दोन दिवसांत मरतो. खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय घरी ठेवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. पाणी तर काचेसारखे नितळ दिसते. वास येत नाही, फिल्टर चालू असतो, तापमानही ठीक असते. मग दोष दुकानदाराला दिला जातो, नाहीतर प्रवासाला. तो कधी खराही असतो. पण पुष्कळदा कारण पेटीतच, पाण्यात विरघळून बसलेले असते. त्याला रंग नाही, वास नाही. त्याचे नाव नायट्रेट.

नायट्रेट दिसत नसले तरी मोजता येते, आणि त्याचा हिशेब घरखर्चाच्या वहीइतकाच सरळ आहे. पेटीत किती येते आणि पेटीतून किती जाते, एवढेच पाहायचे. हा हिशेब समजून घेण्याला आणखी एक कारण आहे. हेच नायट्रेट आपल्या विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यातही असू शकते. तिथे प्रश्न माशांचा नसतो, तान्ह्या मुलांचा असतो.

समुद्र जवळ, पाणी दूर

समजा, महाडमध्ये किंवा पोलादपुरात एका घरी शंभर लिटर पाण्याची पेटी आहे. तिच्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउनफिश आणि आणखी दोन-तीन लहान मासे आहेत. नकाशात पाहिले तर समुद्र काही फार लांब नाही. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूर आणि महाडवरून वाहत बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. भरतीचे पाणी खाडीतून बरेच आत येते. मग खाडीचेच पाणी का आणू नये?

कारण ते धड गोडे नसते, धड खारे नसते. भरती-ओहोटीबरोबर त्याचा खारेपणा बदलतो, आणि पावसाळ्यात डोंगरावरून लोंढे आले की ते जवळजवळ गोडे होते. शिवाय वाटेतल्या गावांचे, शेतांचे आणि औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी कुठे आणि किती मिसळले असेल, हे बादलीकडे पाहून कळत नाही. मुंबईत 1951 साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या अगदी काठाला उभे राहिले. घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला मात्र समुद्र घरीच तयार करावा लागतो.

ती कृती अवघड नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे समुद्री क्षारांचे मिश्रण त्या प्रमाणात गोड्या पाण्यात विरघळवायचे. स्वयंपाकातले मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम आणि क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेटही ठरावीक प्रमाणात असते. अशा रीतीने समुद्र तयार झाला. पण समुद्राचे पाणी अथांग असते आणि आपल्याकडे आहे शंभर लिटर. अडचण इथून सुरू होते.

घास ते नायट्रेट

मासा खातो, पचवतो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. न खाल्लेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. अमोनिया माशांना जहाल असतो. त्यातही खाऱ्या पाण्यात धोका अधिक, कारण समुद्राच्या पाण्याचा सामू 8.2 च्या आसपास असतो. सामू 7 असलेल्या गोड्या पाण्याच्या तुलनेत अशा पाण्यात अमोनियाचा विषारी भाग दसपटीहून अधिक भरतो.

इथे जिवाणू मदतीला येतात. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेट करतात. 1877 साली श्लोसिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळूच्या थरातून सांडपाणी सोडून पाहिले. अमोनियाचे नायट्रेट होत होते. वाळूवर क्लोरोफॉर्मचा प्रयोग केला तेव्हा ते थांबले. म्हणजे हे काम सजीवांचे होते. पुढे 1890 च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की यांनी ते जिवाणू वेगळे करून दाखवले आणि हे काम दोन टप्प्यांत होते हे सिद्ध केले. आपल्या पेटीतला स्पंज, वाळू आणि दगड म्हणजे या जिवाणूंची घरेच. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून नव्या पेटीत पहिल्या दिवशी मासे सोडू नयेत.

नायट्रेट अमोनियाच्या मानाने पुष्कळच सौम्य आहे. पण साध्या फिल्टरमधली साखळी तिथे संपते. पुढे नेणारे कोणी नसल्याने ते साठत जाते. प्रवाळ खडकांभोवतीच्या उथळ समुद्रात नायट्रेट लिटरला एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते. फक्त मासे असलेल्या घरगुती पेटीत ते 20 च्या आसपास ठेवावे आणि 40 च्या वर जाऊ देऊ नये, असा शौकिनांमधला सर्वसाधारण दंडक आहे. झिंगे, खेकडे आणि इतर अपृष्ठवंशी प्राणी असतील तर याहून कमी बरे. ते वाढत गेले की काचेवर आणि दगडांवर शेवाळ माजते, मासे मलूल होतात, खाणे कमी होते, रोग लवकर जडतात.

सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर इथे मिळते. जुन्या माशांच्या डोळ्यांदेखत नायट्रेट महिनोन् महिने थोडे थोडे वाढलेले असते आणि सामू हळूहळू उतरलेला असतो. ते त्याला सरावतात. नवा मासा मात्र स्वच्छ पाण्यातून थेट या पाण्यात येतो. त्याला तो धक्का सोसत नाही.

एका ग्रॅमचा हिशेब

आता जमेची बाजू पाहू. माशांच्या कोरड्या खाद्यात साधारण 45 टक्के प्रथिने धरली, तर एका ग्रॅममध्ये 450 मिलिग्रॅम प्रथिने येतात. प्रथिनांत सुमारे 16 टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे 72 मिलिग्रॅम. त्या सगळ्याचे नायट्रेट झाले तर ते सुमारे 320 मिलिग्रॅम भरते. शंभर लिटरच्या पेटीत याचा अर्थ लिटरमागे तीन मिलिग्रॅमहून थोडे जास्त. एका ग्रॅम खाद्याचे!

रोज अर्धा ग्रॅम खाद्य टाकले तर आठवड्याला लिटरमागे अकरा मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट येऊ शकते. काही भाग माशांच्या अंगी लागतो, काही शेवाळ ओढून घेते. आपण आठ धरू. घरातले प्रत्येक जण येता-जाता चिमूटभर टाकत असेल, तर हा आकडा सहज दुप्पट होतो. मासे मागतात म्हणून घालायचे, हा नियम इथे चालत नाही. मासे नेहमीच मागतात.

आता खर्चाची बाजू. सर्वांत साधा उपाय म्हणजे थोडे पाणी काढून तेवढेच ताजे खारे पाणी घालणे. पण किती? दर आठवड्याला आठ मिलिग्रॅम येत असेल आणि आपण दहावा हिस्सा पाणी बदलत असू, तर नायट्रेट वाढत वाढत 80 ला जाऊन स्थिरावते. तिथे दहावा हिस्सा काढला की बरोबर आठ जातात, म्हणजे जमा आणि खर्च सारखे होतात. पाचवा हिस्सा बदलला तर तेच 40 वर थांबते. आणि पाचवा हिस्सा बदलण्याबरोबर खाद्य निम्मे केले, तर 20 वर. या गणिताला ना महागडे यंत्र लागते, ना औषधाची बाटली.

नायट्रेट 80 वर गेल्याचे कळले की घाबरून सगळे पाणी एकदम बदलण्याचा मोह होतो. तो टाळावा. सरावलेल्या माशांना अचानक झालेला चांगला बदलही धक्काच असतो. पाचवा हिस्सा बदलत गेल्यास चार वेळांत 80 चे साधारण 33 होतात. मधल्या दिवसांत खाद्य कमी ठेवावे, म्हणजे उतार टिकतो.

आणि पाण्यातच असेल तर?

वरचा सारा हिशेब एका गृहीतकावर उभा आहे. नव्या पाण्यात नायट्रेट शून्य आहे, हे ते गृहीतक. ते नेहमी खरे नसते. समजा, क्षार ज्या पाण्यात विरघळवले त्या बोअरच्या पाण्यातच लिटरला 30 मिलिग्रॅम नायट्रेट आहे. मग मघाचे 40 थेट 70 होतात. पाणी कितीही वेळा बदला, 30 च्या खाली ते कधीच येणार नाही.

त्यात बाष्पीभवनाची भर पडते. पाणी आटते तेव्हा फक्त पाणीच जाते, क्षार आणि नायट्रेट मागे राहतात. म्हणून आटलेल्याची भरपाई खाऱ्या नव्हे, गोड्या पाण्याने करायची असते. पण उन्हाळ्यात रोज लिटरभर असे बोअरचे पाणी घातले, तर आठवड्याला लिटरमागे आणखी दोन मिलिग्रॅम नायट्रेट पेटीत मुक्कामाला येते. त्यामुळे समुद्र तयार करण्यासाठी आरओचे पाणी उत्तम. आरओच्या पडद्यातून नायट्रेटचा मोठा भाग अडवला जातो.

हे नायट्रेट विहिरीत येते कुठून? शौचालयाच्या शोषखड्ड्यातून, गोठ्यातून, उकिरड्यातून आणि शेतात टाकलेल्या युरियातून. नायट्रेट पाण्यात सहज विरघळते आणि मातीला धरून राहत नाही. कोकणातल्या काळ्या कातळात भूजल भेगांमधून वाहते. भेग जर शोषखड्ड्याजवळून विहिरीकडे जात असेल, तर गाळून निघायला वाटेत फारशी माती लागत नाही. पहिल्या जोरदार पावसानंतर विहिरीचे पाणी तपासावे, ते यासाठीही.

केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात महाराष्ट्रातले भूजलाचे सुमारे 36 टक्के नमुने नायट्रेटच्या मर्यादेबाहेर आढळले. देशातल्या सर्वांत चिंताजनक जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव ही नावे होती. त्या यादीत रायगड नाही. पण यादी जिल्ह्याची असते आणि आपण पाणी पितो ते आपल्या विहिरीचे.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरला 45 मिलिग्रॅमची मर्यादा घालते. ही मर्यादा मुख्यतः तान्ह्या मुलांसाठी आहे. 1945 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी निळसर पडलेल्या अर्भकांची नोंद केली. त्यांचे दूध विहिरीच्या पाण्यात कालवलेले होते आणि त्या पाण्यात नायट्रेट भरपूर होते. बाळाच्या शरीरात नायट्रेटचे नायट्राइट होते आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहून नेण्यास निकामी करते. सहा महिन्यांखालच्या, वरचे दूध घेणाऱ्या बाळांना हा धोका सर्वाधिक असतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. तुरटी, क्लोरीन, कँडलचा फिल्टर, यूव्ही दिवा यांपैकी कशानेही ते निघत नाही. टीडीएस मीटरही नायट्रेट वेगळे दाखवत नाही. घरात तान्हे बाळ असेल आणि पाणी विहिरीचे असेल, तर जिल्हा किंवा उपविभागीय पातळीवरच्या सरकारी प्रयोगशाळेतून पाण्याची नायट्रेटसह तपासणी करून घ्यावी. मत्स्यालयाच्या किटवर पिण्याच्या पाण्याचा निर्णय सोडू नये. पण माशांसाठी आणलेल्या किटने घरच्या पाण्यात मोठा आकडा दाखवला, तर तो इशारा मात्र जरूर समजावा.

अरबी समुद्र हे काम कसे करतो

मग खऱ्या समुद्रात नायट्रेट साठून का राहत नाही? वनस्पती-प्लवक त्यातले पुष्कळ वापरून टाकतात. आणि दुसरी एक वाट आहे, ती ऑक्सिजन नसलेल्या पाण्यातली. तिथे काही जिवाणू श्वसनासाठी नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि उरलेला नायट्रोजन वायूच्या रूपाने सोडून देतात. याला विनायट्रीकरण म्हणतात.

जगातल्या खुल्या समुद्रात हे काम मोठ्या प्रमाणावर चालते अशा तीन जागा आहेत, आणि त्यांतली एक म्हणजे सावित्री जिथे जाऊन मिळते तो आपला अरबी समुद्र. सुमारे दीडशे मीटरपासून हजार मीटर खोलीपर्यंत तिथे ऑक्सिजन अत्यल्प असतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा दीर्घकाळ अभ्यास केला. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पश्चिम किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातही ऑक्सिजन संपतो आणि त्या वेळी नायट्रस ऑक्साइड हा तापमानवाढ करणारा वायू मोठ्या प्रमाणात तयार होतो, हे त्यांनी 2000 साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. जमिनीवरून वाहून येणारे नायट्रेट हा समुद्राच्याही जमाखर्चाचा भाग आहे.

पेटीत हीच वाट सच्छिद्र दगडांच्या गाभ्यात आणि वाळूच्या खोल थरात थोडीफार उघडते, कारण तिथवर ऑक्सिजन पोहोचत नाही. परदेशात यासाठी समुद्रातले ‘जिवंत दगड’ वापरतात. आपल्याकडे प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. प्रवाळ किंवा समुद्रातून तोडून आणलेला प्रवाळ-दगड घरात ठेवणे कायद्यात बसत नाही. समुद्रघोड्यालाही हेच संरक्षण आहे. त्याऐवजी सच्छिद्र चिनी मातीचे तुकडे आणि कृत्रिम दगड मिळतात. वस्ती बसायला वेळ लागतो, पण ते काम करतात.

दुसरे साधन म्हणजे प्रोटीन स्किमर. बारीक बुडबुड्यांच्या फेसाला चिकटवून ते सेंद्रिय घाण वर कपात जमा करते. ती कुजून नायट्रेट होण्याआधीच पेटीबाहेर पडते. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात म्हणून ते तिथे चांगले चालते. कप वेळच्या वेळी धुतला नाही, तर मात्र त्याचा उपयोग नाही.

काही जण साखर किंवा व्हिनेगर थेंबाथेंबाने घालून जिवाणू वाढवतात. हे शास्त्राला धरून असले तरी नवख्याने करू नये. जिवाणू एकदम वाढले की पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे रात्रीत गुदमरतात. वाळूतून सडक्या अंड्यासारखा वास आला, तर समजावे की तिथे विषारी हायड्रोजन सल्फाइड तयार होत आहे. आपल्या किनाऱ्याजवळचा ऑक्सिजन पार संपतो तेव्हा तिथल्या पाण्यातही हाच वायू सापडतो.

पावसातली रात्र

महाड-पोलादपूरच्या शौकिनाची खरी परीक्षा जुलैमध्ये असते. इथल्या पावसात वीज तासन् तास जाते. 22 जुलै 2021 च्या महापुरात तर महाड शहरच पाण्याखाली गेले होते. वीज नसली की पाणी हलत नाही, ऑक्सिजन मिसळत नाही. आधी मासे धापा टाकू लागतात, मग अमोनिया फिरवणारे जिवाणू मरू लागतात. ते जिवाणू मेले, की नायट्रेटची चिंता करायची वेळच येत नाही. अमोनियाच घात करतो.

म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावा. तो नसेल तर दर पाव तासाने मगभर पाणी काढून थोड्या उंचीवरून परत पेटीत ओतत राहावे. वीज नसताना खाद्य अजिबात घालू नये. निरोगी मासा दोन-तीन दिवस सहज उपाशी राहतो. बंद डब्याचा फिल्टर कित्येक तास थांबला असेल, तर सुरू करण्याआधी आतले कुजके पाणी फेकून द्यावे, नाहीतर ते सगळे पेटीत येते.

मोजण्याची शिस्त

किट वापरताना दोन चुका नेहमी होतात. एक म्हणजे बाटली नीट न हलवणे. अनेक किटमध्ये जस्ताची पूड असते, ती तळाशी बसते. ती मिसळली नाही तर आकडा खोटा, कमी येतो आणि आपण खूश होतो. दुसरी चूक एककाची. काही किट नायट्रेट दाखवतात, काही फक्त त्यातला नायट्रोजन. दोन्हींत जवळजवळ साडेचार पट फरक आहे. नायट्रोजनच्या भाषेतले 10 म्हणजे नायट्रेटच्या भाषेतले 44. डबीवरचा कागद वाचावा आणि रंग दिवसाच्या उजेडात जुळवावा.

आठवड्यातला एक ठरलेला वार, एक वही आणि चार रकाने पुरतात: तारीख, नायट्रेट, किती पाणी बदलले, काही विशेष घडले का. आणायच्या पाण्याचीही महिन्यातून एकदा तपासणी करावी. काढलेले पाणी तुळशीला किंवा परसातल्या झाडांना घालू नये, मीठ त्यांना मारते. विहिरीजवळही ओतू नये. नको झालेले मासे तर कधीच नदीत सोडू नयेत.

बाजारात येणारे समुद्री शोभेचे मासे बहुसंख्येने अजूनही समुद्रातून पकडूनच आणलेले असतात. क्लाउनफिशची पैदास मात्र बंदिस्त पाण्यात करता येते. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने ते तंत्र विकसित केले आहे. शक्य असेल तेव्हा असे पैदास केलेले मासेच मागावेत. नीट सांभाळलेला क्लाउनफिश दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. म्हणून नवा मासा आणण्याच्या आदल्या दिवशी दुकानाऐवजी किटकडे वळावे. आकडा 20 च्या आसपास असेल तर पिशवी आणायला जावे. 80 असेल तर महिनाभर थांबावे, पाणी थोडे थोडे बदलावे, खाद्याची चिमूट लहान करावी. मासा मग पुढच्या महिन्यात आणता येईल.